सखुबाईंचा दोरा

ठाण्यात कोलशेतच्या आमच्या संकुलात सखुबाईंना काही जणी थट्टेने शिंपीणबाई म्हणतात. कारण मालिशीला आलेली ही बाई तेलाची वाटी मागायच्या आधी पिशवीतून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढते. समोरच्याच्या दोन्ही पोटऱ्यांभोवती दोरा गुंडाळते, मापं ताडून बघते आणि ती जुळली तरच अंगाला हात लावते. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. तो दोरा त्यांच्या पिशवीत आला तो माझ्या घरामुळे, आणि या संकुलात त्यांचं नाव बदनाम झालं तेही माझ्यामुळेच. ते नाव परत देणं मला तीन वर्षं जमलं नाही.

सखुबाई बाळकुम गावातल्या. जिथे आज आमची गाड्या लावायची जागा आहे, त्याच्या आसपास कुठेतरी त्यांच्या सासऱ्याची भातखाचरं होती म्हणे. जमीन गेली, नवरा गुणाजी एका कंपनीत रखवालदार झाला आणि चाळिशीतच वारला. सासूने शिकवलेली मालिश तेवढी हातात राहिली. बाळबाळंतिणींपासून सुरुवात झाली. टॉवर आले तसे गुडघे धरलेले म्हातारेही वाढले. त्यातही आमच्याकडे अर्ध्या घरांतली मुलं परदेशात, त्यामुळे सहा महिने तिकडे राहून आंबून परत येणारे आईवडील हे त्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक. बोलणं कमी, हात मात्र असा की बाळ रडता रडता झोपावं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघंही असेच परतलो होतो, शिकागोला लेकीकडे, ऋजुताकडे राहून. आमच्या ह्यांचं नाव त्र्यंबक. स्वभाव कमालीचा भिडस्त. हॉटेलात भाजी अळणी निघाली तरी मीठ मागणार नाहीत. विमानात आमच्या जागा लांब लांब आल्या. ह्यांना खिडकी मिळाली आणि शेजारी एक आडदांड गृहस्थ, जेवण झाल्याबरोबर जो झोपला तो मुंबईपर्यंत. त्याला उठवायला नको म्हणून हे चौदा तास जागचे हलले नाहीत. उठावं लागू नये म्हणून पाणीही प्यायले नाहीत. घरी आल्यावर हे मला हसत हसत सांगितलं. मीही हसले.

तिसऱ्या दिवशी ह्यांची डावी पोटरी दुखायला लागली. थोडी सुजली होती. मी सखुबाईंना बोलावलं. त्यांनी दोन्ही पायांवर तळहात ठेवले आणि हात काढून घेतला.

"ताई, यो पाय गरम लागतं. दुसरा नाय तसा. डाक्टरला दाखवा ना आदी."

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. समोरच्याला गप्प बसवायची सवय अंगात मुरलेली. एवढ्या प्रवासाने पाय सुजणारच, त्यात डॉक्टर कशाला, असं मी त्यांना सुनावलं. वर म्हटलं, "चांगला जोर लावून चोळा." त्या माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या. मग खाली मान घालून त्यांनी तेलात हात बुडवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे न्हाणीघरातून बाहेर आले, भिंतीला हात टेकून उभे राहिले आणि श्वास पुरत नाही एवढंच म्हणाले. रुग्णालयात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की इतके तास पाय लोंबकळत राहिले, पोटरीत रक्त साकळून गाठ झाली आणि ती सुटून फुप्फुसात गेली. पायाला मालिश वगैरे केली होती का, असं त्यांनी विचारलं. न चोळताही गाठ सुटू शकते, त्याचं खात्रीने सांगता येत नाही, हेही ते म्हणाले. पण ते माझ्या कानात शिरलंच नाही.

मी उत्तर दिलं, "काल मालिशवाली आली होती."

वाक्य खोटं नव्हतं. अर्धं होतं. ते अर्धं वाक्य भेटायला आलेल्या बायकांच्या तोंडून चार दिवसांत सगळ्या इमारतींत फिरलं. सखुबाईंना दारं बंद झाली. फाटकावरच्या रखवालदाराला त्यांना आत सोडू नकोस म्हणून कुणीतरी सांगून ठेवलं. तेराव्याला त्या आल्या होत्या, फाटकाबाहेर ताटकळून परत गेल्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी काहीच केलं नाही. त्यांनी मात्र कुणालाही सांगितलं नाही की पाय गरम असल्याचं आपण बोललो होतो, बाईंनीच जोर लावायला लावला. एका शब्दाने नाही.

पुढे कळलं की सखुबाई गावातल्या दवाखान्यातल्या नर्सकडे जाऊन बसल्या होत्या. गाठ झालेला पाय कसा ओळखायचा, हे तिला विचारून विचारून त्यांनी शिकून घेतलं. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं सोडायची, तिथे दोरा गुंडाळायचा. एका पायाचं माप दुसऱ्याहून दोन बोटं जास्त भरलं, तर तेलाला हात लावायचा नाही. आमच्या संकुलात काम उरलं नव्हतं. त्या पलीकडच्या इमारतींत जायला लागल्या, तो दोरा घेऊन.

त्यानंतर विमानात बसायचं धैर्य मला झालं नाही. ऋजुताच्या बाळंतपणाला आई असून मी गेले नाही, तिच्या सासूबाई गेल्या. शेवटी गेल्या डिसेंबरात तीच दोन महिन्यांच्या मुलीला घेऊन एकटी आली. येण्याआधी तिने शेजारच्या प्राचीकडून सखुबाईंचा नंबर मिळवला होता आणि मला न सांगता त्यांना बोलावून फाटकावरही कळवलं होतं. तिला त्या मालिशीबद्दल मी कधी काही सांगितलंच नव्हतं. त्यामुळे ती आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं तर समोर सखुबाई उभ्या. आतून ऋजुताने हाक मारली म्हणून त्या आत आल्या.

त्यांनी दोरा काढला. ऋजुताला गंमत वाटली. उजवी पोटरी मोजली, दोऱ्याला गाठ मारली, डावीला लावला. गाठ पोचेना. पुन्हा मोजलं. मग रीळ पिशवीत टाकून त्या उठल्या.

"मी तेल नाय लावनार. बायला आत्ता डाक्टरकडं न्या."

ऋजुता म्हणाली की अंग तर सगळंच दुखतंय, पायाचं काही विशेष नाही, बॅगा उचलल्या ना. बाबांची गोष्ट वेगळी, त्यांचं वय होतं, मी बत्तीसची आहे. मी विचारलं, विमानात उठली होतीस का? तर म्हणाली, "कशी उठणार गं? ही मांडीवर झोपलेली. हलले असते तर रडली असती, मग सगळ्यांची झोपमोड."

ते वाक्य तिच्या बापाचं होतं.

सखुबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. यावेळी त्या खाली बघत नव्हत्या, सरळ माझ्याकडे बघत होत्या. रिक्षा येईपर्यंत हलल्या नाहीत, आणि आम्ही निघालो तेव्हा बाळाला घेऊन स्वतः घरी थांबल्या. सोनोग्राफीत गाठ दिसली, मांडीपर्यंत चढलेली. बाळंतपणानंतर काही आठवडे रक्त तसंही लवकर साकळतं, त्यात एवढं बसून राहणं, असं डॉक्टर म्हणाले. लगेच रक्त पातळ करणारी औषधं सुरू झाली. आणखी दोन दिवस गेले असते तर, एवढं बोलून ते थांबले. मग त्यांनी विचारलं की हे लक्षात कुणाच्या आलं.

"मालिशवाल्या बाईंच्या," मी म्हणाले. आणि या वेळी वाक्य तिथे सोडलं नाही. लेकीच्या देखत, तीन वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं. ऋजुता खूप वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नंतर तिने माझा हात धरला, पण तो नंतर.

पण नाव गेलं होतं ते चारचौघींत, डॉक्टरांच्या खोलीत नव्हे. ऋजुता हिंडूफिरू लागल्यावर खाली क्लबहाउसमध्ये बारसं केलं. संकुलातल्या सगळ्या बायका आल्या. सखुबाईंना मी बाळकुमला स्वतः जाऊन घेऊन आले. कादंबरी हे नाव कानात सांगून झालं, आणि मी पाळण्यापाशी उभी राहून बोलले. हे गेले त्याच्या आदल्या दिवशीही सखुबाईंनी डॉक्टरकडे न्या म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. जोर लावून चोळा हे मी म्हणाले. तुम्ही तीन वर्षं जिला दोष दिलात तिचा दोष नव्हता. सखुबाई पाळण्याची दोरी ओढत राहिल्या, माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिल्यावर ऋजुताबरोबर मीही निघाले. बाळ सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सखुबाई न बोलावता आल्या. मला खुर्चीत बसवलं, माझ्या पोटऱ्या मोजल्या, दोऱ्याला गाठ मारून तेवढा तुकडा दाताने तोडला आणि माझ्या हातात दिला. तिकडं उतरल्यावर रोज बांधून बघा, म्हणाल्या. मी तो पर्समध्ये ठेवत होते. त्या खालीच बसून होत्या, माझ्या पायाशी.

"ताई, त्या दिशी मी उठून जायाला पायजे हुतं. पाय गरम हाय ते मना कललं हुतं. पन तुमची भीड पडली."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पिशवी खांद्याला लावली. दाराशी जाऊन वळल्या.

"तिकडं इमानात बाजूचा झोपला आसंल तरी त्याला उठवा."