ह्यांना विचारून सांगते

कुंदाबाईंना काहीही विचारा, अगदी चहा घेणार का म्हणा, उत्तर ठरलेलं: "ह्यांना विचारून सांगते." आमच्या जळगावातल्या मेहरूणच्या केळी संघात त्यावरून त्यांची फार थट्टा व्हायची. 'हे' म्हणजे त्यांचे यजमान, संघाची जीप चालवायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. खरं नाव मला, नवख्याला, ठाऊक नव्हतं.

मी नोकरीला लागायच्या थोडं आधी, १९९९ साली, संघात दोन संगणक आले होते. पुढचा वेब सर्व्हर, गावोगावची विचारणा घ्यायचा. केळीचा भाव काढून द्यायचा तो मागचा, अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर. पुण्याच्या इंजिनिअरने दोघांना नावं द्यायला सांगितली, तेव्हा कुंदाबाई म्हणाल्या, "पुढच्याला माझं द्या. तोही मागे विचारूनच सांगतो ना?" मागच्याचं नाव त्यांनी गुपचूप स्वतः टाइप केलं.

मग चोपड्याला शेतकऱ्यांपुढे सगळं दाखवायचा दिवस आला. अध्यक्षांनी बजावलं होतं, आज भाव दिसला नाही तर मशीन परत, आणि कुंदाबाई पुन्हा टाइपरायटरवर. त्या आबांबरोबर जीपने चोपड्याला गेल्या, मी जळगावात मशीनपाशी. नेमकी वीज जाऊन आली. चोपड्यात पान उघडलं, पण भाव येईना. पुढच्या मशीनच्या फायलीतली मागच्याच्या नावाची ओळच उडाली होती.

कुंदाबाईंचा फोन आला, तसं मी ते सांगितलं. "त्या ओळीत मागच्याचं नाव टाका."

"काय नाव?"

"ह्यांचं."

मी मुकाट्याने 'ह्यांचं' टाइप केलं. कसला भाव येतोय!

"अहो, निदान अक्षरं तरी सांगा!"

"अक्षरं जोडली की नावच झालं ना, भाऊ!"

माझं डोकंच फिरलं. "बाई, इकडे मशीन परत जायची वेळ आली आणि तुम्ही लाजताय?"

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला.

"सातपुड्याच्या पायथ्याशी केळीची बाग,
सुकदेवरावांचं नाव घेते, मशीनबाई जाग!"

'राव' गाळून मी 'सुकदेव' टाइप केलं. फोनमधून एकदम गलका उठला, "भाव उना! भाव उना!" भाव आला होता! पुढच्याने मागच्याला नावाने हाक मारली, त्याने ओ दिली, आणि ती ओ पार चोपड्याला पोचली. एका नावावर! मला अजूनही ते खरं वाटत नाही.

तेवढ्यात फोन आबांनी घेतला. बायकोच्या तोंडून आपलं नाव त्यांनी लग्नानंतर आजच ऐकलं होतं. त्यांनी हळूच विचारलं,

"भाऊ, हाई मशीन परत कवय... कधी बंद पडी?"