चौकातला माझा फ्लेक्स

विमानतळावरून घरी येताना हर्सूलच्या अलीकडच्या चौकात भावानं गाडी सिग्नलला थांबवली, आणि समोर मीच उभी होते. चांगली दोन मजली. अंगावर काळा झगा, गळ्याशी पांढरी पट्टी, आणि चेहऱ्यावर मी एरवी कधी हसत नाही तसलं हसू. खाली 'आपल्या वस्तीची लेक, आंतरराष्ट्रीय न्यायाधीश, यांचे हार्दिक स्वागत', त्याखाली सत्काराचा वार, वेळ, विहाराचा पत्ता आणि गॉगल लावलेले स्वागतोत्सुक.

मी गाडीची काच वर केली. "हे कुणी लावलं?"

"आईनं सांगितलं लावायला," भाऊ म्हणाला. "भारी आलाय ना फोटो, ताई?"

मी ओढणी डोक्यावरून घेतली आणि सीटवर खाली सरकले. मी लाजले असं त्याला वाटलं. मी घाबरले होते. छप्पन्न वर्षांची बाई, आयुष्यभर दुसऱ्यांना 'न घाबरता सांगा' असं सांगत आलेली, आणि मीच ओढणीआड तोंड लपवून बसले होते.

आमच्या तिघांच्या खंडपीठापुढे एका माजी सेनापतीचा खटला होता. गावंच्या गावं जाळल्याचा आरोप. त्याच्या देशानं उलट आम्हा तिघांवरच अटकेचं वॉरंट काढलं. ती बातमी टीव्हीवर आली, तेव्हा भावानं फोन करून माझं अभिनंदनच केलं होतं. एवढ्या मोठ्या देशानं आपल्या ताईची दखल घेतली म्हणून त्याची छाती फुगली होती. मला नंतर काय आलं ते मात्र मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. तिकडे परदेशात मी राहते त्या घराच्या दारात माझी सायकल असते. तिचा फोटो अनोळखी नंबरवरून माझ्याच फोनवर आला. सोबत एक शब्दही नाही. तेव्हापासून मी सायकलला हात लावला नव्हता.

सुरक्षा अधिकाऱ्यानं बजावलं होतं, सुट्टीवर कुठं जाता ते कुणालाही कळू देऊ नका. मी फक्त आईला कळवलं. आणि मनाशी ठरवून आले होते की परत गेले की प्रकृतीचं कारण सांगून खंडपीठातून बाजूला व्हायचं. एक सहकारी शिक्षेच्या बाजूनं होता, एक सुटकेच्या. माझं मत निर्णायक होतं, आणि मला ते द्यायचं नव्हतं. आठवडाभर आईच्या हातचं खाईन, जुन्या साड्यांच्या गोधडीत झोपेन आणि कुणाच्या नजरेस न पडता निघून जाईन, एवढंच डोक्यात होतं.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी आईवर ओरडले. पाणीही प्यायले नाही. "तुला सांगितलं होतं ना कुणाला बोलू नकोस म्हणून?"

"सांगितलं व्हतं की," आई म्हणाली. ती मेथी निवडत बसली होती. "म्हणूनच म्या समद्यांना सांगितलं."

आईचं हे माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून चालू आहे. इथल्या कॉलेजात कायदा शिकून, एका म्हाताऱ्या मुसलमान वकीलसाहेबांच्या हाताखाली चार वर्षं काढून मी न्यायाधीश झाले. पहिलं पोस्टिंग तालुक्याच्या गावी. आमच्या पेशात शिस्त अशी की न्यायाधीशानं लोकांत मिसळायचं नाही. कोर्ट ते क्वार्टर, क्वार्टर ते कोर्ट. तिथं एका आरोपीचे भाऊबंद संध्याकाळी माझ्या फाटकासमोर येऊन नुसते उभे राहू लागले. आई राहायला आली ती दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन बाजारात गेली, आणि भाजीवाल्यापासून गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून आली, 'ती जजबाई माझी लेक हाय, एकटीच राहते, लक्ष असू द्या.' मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. त्यानंतर फाटकासमोर सतत कुणी ना कुणी बाई टेकलेली असायची, आणि ते भाऊबंद यायचे बंद झाले. पुढे जिल्हा न्यायालय, मग परदेशातलं हे काम. शिस्त तीच राहिली, फक्त लोकांच्या आणि माझ्या मधे जाड काचा आल्या.

मी तिला सायकलचं सांगितलं. फोटोही दाखवला. तिनं तो पाहिला आणि फोन माझ्याकडे परत दिला.

"विद्यापीठाच्या नावावरून पेटलं व्हतं, तवाचं आठवतं का तुला?" तिनं विचारलं.

आठवतं. सोयगाव तालुक्यातल्या आमच्या गावातली गोष्ट. आमच्या वस्तीतली घरं जळत होती आणि लोक वाट फुटेल तिकडे पळत होते. आई पळाली नाही. धाकट्याला कडेवर घेऊन, मला ओढत ती भर दुपारी ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर जाऊन बसली. अख्ख्या गावाच्या डोळ्यांसमोर. माझी वेणी तिनं मुठीत घट्ट धरली होती, मान हलवली तरी दुखायचं. आमच्या अंगाला कुणी हात लावला नाही. मी न्यायाधीश झाले त्यामागं ती दुपार आहे. माझी आई कुणाला घाबरत नाही, असं मी तेव्हापासून जगाला सांगत आले.

"जवारीत लपले त्यांना हुडकून मारलं," आई म्हणाली. "कुणी मारलं ते कुणी पायलंच नाय. लपलेल्या माणसाला साक्षीदार नसतो, बाई."

मी तिच्या शेजारी बसून मेथी निवडायला घेतली. भीती मात्र तसूभरही कमी झाली नाही, हेही सांगून टाकते.

पुढचा आठवडा वस्तीनं माझा असा काही पहारा केला की हसावं का रडावं कळेना. गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येकाला 'कुणाकडं आलात, कुठले तुम्ही' हा प्रश्न ठरलेला. गॅसवाला, कुरियरवाला, समोरच्या घरी मुलगी पाहायला आलेली मंडळी, कुणी सुटलं नाही. मुलीकडच्यांना वाईट वाटलं, पण त्यांनीही समजून घेतलं.

सत्काराच्या दुपारी विहार भरला होता. मी बोलायला उभी राहिले आणि मागच्या दारापाशी एक माणूस दिसला. टाळी नाही, हसू नाही, मोबाईल माझ्यावर रोखलेला. मग तो गर्दीतून पुढे यायला लागला. एक हात खांद्यावरच्या बॅगेत. मी माईकसमोर तशीच उभी होते, आणि मला पळायचं होतं.

तेवढ्यात चार बायका उठल्या. एकीनं त्याची बॅग धरली. "कुणाचे तुम्ही? वडलांचं नाव काय? आजोळ कुठलं?" बॅगेतून माईक निघाला. बिचारा दौलताबादचा होता, यूट्यूबवर बातम्या द्यायचा. त्याच्या तीन पिढ्या विचारून झाल्यावर त्याला पुढच्या रांगेत बसवून चहा दिला. सगळा विहार हसत होता. मीही हसले, पण माईकचा स्टँड काही हातातून सोडला नाही.

परतीच्या दिवशी आई विमानतळापर्यंत आली. आत जायच्या दाराशी तिनं माझं मनगट धरलं. घट्ट, दुखेल असं.

"भ्या वाटतंय का?"

"लई," मी म्हणाले. "मी तुझ्यासारखी नाही ना. तुला कधी भीती वाटत नाही."

"येडी का काय," ती म्हणाली. "त्या दिवशी माझं अंग लटलट कापत व्हतं. हाताला काहीतरी धराया पाहिजे व्हतं, म्हणून तुझी वेणी धरली." मग तिनं मनगट सोडलं. "जा आता. इमान चुकंल."

मी खंडपीठातून बाजूला झाले नाही.

खंडपीठाची अध्यक्ष मीच, त्यामुळे निकालाच्या दिवशी वाचन माझ्याकडेच होतं. समोर तो सेनापती, जाड काचेमागं प्रेक्षक, आणि कानातल्या यंत्रांतून दुभाष्यांचे सहा भाषांतले शांत, सपाट आवाज. पूर्ण वाचायला दुपार झाली. शिक्षा सांगितली, उठले, खोलीत जाऊन दार लावून बसले. तासाभरानं फोन पाहिला. जगभरच्या वकिलांचे निरोप होते, सगळ्यांनी माझ्या धीरगंभीर वाचनाची तारीफ केली होती.

आईचा फोन आला. ते सगळं तिनं भावाच्या मोबाईलवर पाहिलं होतं. इंग्रजीचा एक शब्द तिला कळत नाही.

"पयल्यापासून आवाज कापत व्हता तुझा," ती म्हणाली. "मधी घोटभर पाणी प्यायचंस की."