शनिवारचे तेल

शनिवारी दिवेलागणीच्या सुमारास आमच्या तालमीवरून जाऊ लागले की करडीच्या कोमट तेलाचा वास येतो. मारुतीच्या अंगावर दिवसभर ओतलेले तेल, त्यात विरघळलेला शेंदूर, रुईच्या पानांचा उग्र हिरवा दर्प आणि आत मालिश करीत बसलेल्या अंगांची ऊब, असे सगळे मिळून तो वास झालेला असतो. एके काळी तो मला फार प्रिय होता. शनिवारी आमच्याकडे कुस्ती बंद. त्या दिवशी देवाला तेल आणि देवाच्या भक्तांनाही तेल! आठवडाभर एकमेकांना आपटणारी माणसे त्या दिवशी एकमेकांच्या पाठी चोळीत बसत. माणसाचा हात माणसाच्या अंगाला किती निर्मळपणे लागू शकतो हे ज्याला पाहायचे असेल त्याने शनिवारी तालमीत यावे, असे मी शाळेतल्या सहकाऱ्यांना सांगत असे. आता सांगत नाही. आता तो वास आला की माझा उजवा खांदा जड होतो आणि मी नाकाला उपरणे लावून पुढे निघतो.

मी पहिलवान म्हणून कधीच मोठा नव्हतो. पेशाने मास्तर, चितपट होण्यात मात्र माझा हात कोणी धरला नसता. आमचे वस्ताद हुसेनभाई दाढी कुरवाळीत म्हणत, "खांदे पैलवान के, और कलेजा पंतोजी का!" पण त्या खांद्यांचा उपयोग पुढे निराळ्याच कामी व्हायचा होता. आमच्या सोलापुराचा उन्हाळा तुम्हांला मी काय सांगावा? फाल्गुन सरतो न सरतो तोच झळा लागतात. पेठांतून घरोघर माग, मागाशी सूत, सुतावर लाकडी माड्या, आणि दोन घरांच्या मधून एक गाढव गेले तर दुसऱ्याने थांबावे असे बोळ. एक ठिणगी पुरते. एका उन्हाळ्यात लागोपाठ आगी लागल्या, तेव्हा आम्ही तालमीतल्या मंडळींनी आपण होऊन एक पथक उभे केले. दोर, लोखंडी आकडे, बांबूची एक शिडी आणि शेजारपाजारच्या घरांतून ऐन वेळी उचललेल्या घागरी, हा आमचा सगळा सरंजाम. आग कशी विझवावी हे आम्ही चुकतमाकत शिकलो. ती विझल्यानंतर काय करावे, हे मात्र आम्हांला कोणी शिकवले नाही.

आमच्यातला खरा मल्ल होता मल्लाप्पा. मैंदर्गीकडचा, गिरणीत कापसाच्या गाठी वाहणारा, उंच, आणि त्या उंचीची स्वतःलाच लाज वाटावी असा वागणारा. त्याची मुलगी नुकतीच बसू लागली होती. तिला तो एका तळव्यावर बसवून तालमीच्या दारापर्यंत आणी आणि तिची आई मागून "पाडशीला वो!" म्हणून ओरडत येई. त्या तळव्यावरून काही पडेल असे आम्हांला कधी वाटले नाही. त्या शनिवारी संध्याकाळी तो माझेच खांदे चोळीत होता. तळवे तेलाने निथळत होते. इतक्यात बोळातून आरडाओरडा आला: विणकरांच्या आळीत आग!

तेथे सुताला लावायच्या खळीची चूल भडकून खालचा माग पेटला होता आणि जिना आधीच गेला होता. पालिकेचा बंब बोळाच्या तोंडाशी अडला. त्याहून आत त्याला वाटच नव्हती. आमची शिडी मागच्या भिंतीला लागली. माडीवरून एका बाईने आधी आपली दोन मुले खाली दिली, मग सासूला दिले, आणि तेवढ्यात शिडीच पेटली. ती बाई नरसव्वा. तिचा नवरा व्यंकय्या लुगडी विकायला बाजारात गेला होता. ती पुढच्या खिडकीत आली. भिजवलेली घोंगडी अंगावर घेऊन मी भिंतीला टेकलो, मल्लाप्पा माझ्या खांद्यावर चढला, आणि एका हाताने चौकट धरून त्याने दुसरा हात आत घातला. वर काय झाले ते मी पाहिले नाही. माझे तोंड भिंतीकडे होते. मी ते खांद्याने जाणले. माडीची फळ्यांची तक्तपोशी कडाडून खचली, आणि माझ्या खांद्यावर एकदम दोन माणसांचे ओझे आले. मी दात आवळून ते पेलले. मग ते पुन्हा एकाच माणसाचे झाले.

तुम्ही कधी ओझे हलके झाल्यामुळे रडला आहात काय?

दुसऱ्या आठवड्यात गावाने आमचा सत्कार केला. हार झाले, पेढे झाले, एका वकीलसाहेबांनी आम्हांला हनुमंताची उपमा दिली. तीन जीव वाचवले म्हणून टाळ्या पडत होत्या आणि आम्ही सगळे चौथा मोजत बसलो होतो. लोकांचा यात दोष नाही. वाचलेले दिसतात आणि उरलेले दिसत नाहीत, हा जगाचा न्यायच आहे. पण त्या पेढ्याचा घास कोणाच्या घशाखाली उतरला असेल तर शपथ!

त्यानंतर जो तो आपापल्या रीतीने त्या आगीतून बाहेर पडू पाहू लागला. एकजण चहाच्या दुकानात ती हकीकत रोज सांगे, आणि रोज तिच्यात एकेक माणूस अधिक वाचे. आम्ही त्याला कोणी अडवले नाही. दुसरा जेवण झाले की बायकोच्या देखत चुलीवर पाण्याचा तांब्या ओती, आणि ती बिचारी सकाळी ओल्या राखेशी झगडे. वस्तादांनी तर भर दिवसा कुस्तीच्या हौद्यातली सगळी माती खणायला लावली. हळद, ताक, लिंबू घालून ती माती आम्ही इतक्या वेळा वरखाली केली की कुदळ आपटण्याच्या आवाजापलीकडे तालमीत काही ऐकू येईनासे झाले. त्यांचा हेतू तोच असावा. मी काय केले? मी घरोघर जाऊन त्या संध्याकाळी उचललेल्या घागरी परत करीत सुटलो. काहींनी त्या घेतल्या. काहींनी, सतरा जातींचे हात लागले म्हणून, दारातूनच परतवल्या. आग लागली असताना हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. त्या बेवारशी घागरी अजून तालमीच्या कोपऱ्यात आहेत.

मल्लाप्पाने मात्र काहीच केले नाही, आणि तेच आम्हांला पाहवत नव्हते. त्याने उजवा हात काखेत धरला तो धरला. कुस्ती सोडली. गिरणीत गाठी तो पाठीवर लादून घेई, हाताने उचलीत नसे. एके दिवशी त्याची बायको मुलीला कडेवर घेऊन माझ्या दारी आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "मास्तर, तुमी तरी सांगा की त्येंना. लेकराला हात लावीनात. पोरगी हात पसरती, ह्ये मागं सरत्यात. न्हाय मारत, न्हाय बोलत. नुसतं मागं सरत्यात." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, राग होता. मला त्या रागाचा आदर वाटला.

मी मल्लाप्पाला गाठले. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. मग म्हणाला, "मास्तर, तेल व्हतं की वो हाताला." आमच्या तालमीतला पहिला धडा असा: तेलाचा हात आपल्या अंगाला, मातीचा हात दुसऱ्याच्या अंगाला. मालिशनंतर कोणाला धरायचे झाले तर आधी तळव्यांना माती चोळायची. नाही तर पकड सुटते. हे पोरासोरांनाही पाठ असते. "दारातच हौदा व्हता. मूठभर माती घ्याया किती येळ लागतोय? इसरलो. लई घट धरली व्हती मी. तेलानं सुटली." वस्ताद हे ऐकून त्याला म्हणाले होते, "तेल का नाव नक्को ले रे. आग थी वो." पण समजूत घालणाऱ्याचे शब्द मऊ असतात आणि स्वतःला दोषी ठरवणाऱ्याचे टणक, मऊ शब्दांनी टणक शब्द फुटत नाहीत. शिवाय खरे सांगायचे तर, तेल होतेच. ते माझ्याच खांद्यांसाठी ओतलेले होते.

मला त्या दिवसांत वारंवार वाटे की शोकालाही अधिकार लागतो. आपले माणूस गेले तर सुतक असते. केस उतरतात, दहावे होते, तेरावे होते, गोडाचा घास होतो आणि मग चारचौघे म्हणतात, ऊठ, कामाला लाग. ज्याला सुतक आहे त्याचे ते फिटते. आम्हांला तर ते नव्हतेच! ती आमची कोणी नव्हती. तिचे नावही आम्हांला ती गेल्यावर कळले. मग आमचे फिटायचे कधी? कोणत्या दिवशी आम्हांला कोणी गोडाचा घास भरवायचा?

आणि एके दिवशी, टळटळीत दुपारी, व्यंकय्या तालमीत आला.

बारीक अंगाचा, बोटांना सुताच्या रंगाचे डाग पडलेला माणूस. आम्ही सगळे उभे राहिलो. मल्लाप्पा हौद्याच्या कडेला होता. त्याचा चेहरा मातीसारखा झाला. मला वाटले, आता हा शिव्या देईल, आणि देवा, देऊ दे! पण त्याने विचारले, "वर कोन होता? हात कोन दिला?" मल्लाप्पा पुढे झाला. व्यंकय्या आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत, एकेक शब्द जुळवीत बोलू लागला. आळीतले लोक त्याला धीर द्यायला सांगत होते की ती धुरानेच गेली, तिला काही कळलेच नसेल. कोणी सांगे, तिनेच हात दिला नसेल, घाबरली असेल. तो म्हणाला, "ती तुझा हात धरली का? का तूच नुस्ता धरला? तिला कळला का, कोन तरी आला म्हनून?" मल्लाप्पा म्हणाला, "म्हाईत न्हाय वो. तेल व्हतं माज्या हाताला. सुटली." आणि मान खाली घालून, जणू मार खायला, उभा राहिला.

तेव्हा मी बोललो. कसे बोललो ते मला आजही उमगत नाही. मी म्हणालो, "तिनं धरला होता. ह्याचा पाय माझ्या खांद्यावर होता. तक्तपोशी खचल्यावर तिचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला, आणि टिकला. ह्याचा हात तेलाचा होता. ह्यानं एकट्यानं धरलं असतं तर तो भार आलाच नसता, आधीच सुटली असती. ती टिकली, कारण तिनंही धरलं होतं." हे सांत्वन होते की आणखी एक डागणी, ते मला त्या क्षणी समजत नव्हते. तिला कळले होते. तिला यायचे होते. ती आपल्या सगळ्या बळाने येऊ पाहत होती. याहून भयंकर ते काय? आणि याहून दुसरे काय त्या माणसाने ऐकायला यावे?

व्यंकय्याने मल्लाप्पाच्या काखेतला हात बाहेर ओढला. त्याची मूठ एकेक बोट करून उलगडली. तो रिकामा तळवा त्याने पाहिला, आणि अंगाऱ्याला लावावे तसे आपले दोन्ही डोळे त्याला लावले. "हितं होती," तो म्हणाला, "हितं होती ती." मल्लाप्पा मटकन खाली बसला आणि मोठ्याने रडू लागला. व्यंकय्याने हात सोडला नाही. वस्तादांनी आम्हांला खुणेने बाहेर काढले.

यावर सगळे सुरळीत झाले असे मी सांगितले तर तुम्हांला बरे वाटेल, पण ते खोटे होईल. मल्लाप्पा पुन्हा कुस्ती खेळला नाही. पथक चालू आहे. तो त्यात आहे. आगीची हाक आली की तो आधी हौद्याकडे धावतो. अंगाला तो तेल लावीत नाही, आणि शनिवारी देवालाही लांबूनच हात जोडतो. माझा खांदा वैद्यांनी पाहिला. त्यांच्या मते त्याला काही झालेले नाही.

परवाच्या शनिवारी तोच वास आला आणि मी नेहमीप्रमाणे उपरणे वर ओढले. तालमीच्या दारात मल्लाप्पाची मुलगी उभी होती. आता ती चालते, बोलते, बापाला हाक मारते. त्याने वाकून हौद्यातली तांबडी माती उचलली, दोन्ही तळव्यांना सावकाश चोळली, बोटांच्या बेचक्यांतून चोळली, आणि मग तिला उचलले. तिला ते सवयीचे आहे. तो माती चोळीपर्यंत ती हात वर करून थांबते. तिच्या प्रत्येक पोलक्यावर दोन्ही काखांखाली दहा तांबड्या बोटांचे ठसे आहेत. धुतले तरी निघत नाहीत, असे तिची आई लोकांना सांगते. पण ओढ्यावर तिच्या शेजारी धुणे धुणाऱ्या माझ्या बायकोने मला सांगितले, की ती ते कधी घाशीतच नाही.