विहिरीचा गळ आणि केळीचा घड

मंडळाच्या कपाटातला गळ न सांगता नेता, ही कुठली रीत? विहिरीत पडलेलं भांडं काढायला तेवढा एकच गळ आहे. नेताना घरचं एक भांडं माझ्याकडे ठेवायचं, म्हणजे परत आणायची आठवण राहते. कपाट बिनपगारी सांभाळते म्हणून काय ते बेवारशी झालं?

चामराजपेटेतल्या मंडळींना नमस्कार. दारोदार विचारून घसा बसला, म्हणून फळ्यावर लिहिते.

आज सकाळी शेजारची नवी सून सुमी रडत आली. "आजी, सासूबाईंची माहेरची घागर विहिरीत पडली. त्या देवळातून यायच्या आत काढा हो!"

कपाटात गळ नाही. शोधत फिरले, तर गोविंदअण्णांच्या पडवीत तो वाशाला टांगलेला, आणि त्याला केळीचा घड!

"अक्का, स्वल्प पिकू देत, मग आणून देतो."

"तोवर पोरीची माहेरी रवानगी होईल," म्हटलं आणि घड त्यांच्या मांडीवर ठेवला.

बऱ्याच खेपा रिकाम्या गेल्या. शेवटी घागर वर आली, पोचासुद्धा नाही. सासूबाई कोपऱ्यावर दिसल्या तेव्हा सुमी तीच भरत होती. सुटलो बाई!

आता भांडं का ठेवलं नाही, ते अण्णांनी इथेच खाली लिहावं. स्वतः. बायकोला पुढे करू नये.