सेक्रेटरीचाचांनी नेलेल्या सह्या

सेक्रेटरीचाचा मेलेल्या माणसाचं नाव नेहमी पूर्ण घेत. इस्पितळातला कारकून ‘केस’ म्हणाला की ते शांतपणे सांगत, “केस नाही. अन्वर इब्राहिम. घरी बायको आहे त्याची.” अन्वर माझा नवरा. मस्कतच्या शवागाराबाहेर मी भिंतीला टेकून उभी होते आणि चाचा या खिडकीवरून त्या खिडकीवर कागद घेऊन फिरत होते. तिसऱ्या दिवशी मय्यत गावी पोचली. विमानात माझ्या शेजारी चाचाच होते.

आखातात राबणाऱ्या कोकणी माणसांचं आमचं मदत मंडळ. नोंदणी रत्नागिरीची, माणसं सगळी ओमानात. कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, तर मंडळ धावायचं. चाचा त्याचे पहिल्यापासूनचे सेक्रेटरी. दर जुम्म्याला नमाज झाली की जुनी गाडी काढून मस्कतजवळच्या आमच्या माबेल्यापासून दूर किनाऱ्यावरच्या सहमपर्यंत सभासदांना भेटून येत. म्हणत, “इथं दुकानाच्या मालकाचं एकच मत आणि त्याच्या हमालाचंही एकच. म्हणून हे मंडळ.”

काही महिन्यांनी मी गावाहून पुन्हा माबेल्यात येऊन शिवणकाम सुरू केलं. पहिलं गिऱ्हाइकही चाचांनीच मिळवून दिलं.

मग एकदा ते फाईल घेऊन आले. मंडळाची कंपनी करायची होती. “कायद्याचा भक्कम आधार मिळेल. नाव तेच, माणसं तीच. सभासदांच्या सह्या लागतील. तू सांगितलंस तर लोक ऐकतील, नसीम.”

मी घरोघर फिरले. कागद इंग्रजीत होता. मी वाचला नाही, कुणाला वाचायला दिलाही नाही. सहमच्या मळ्यात पाणी देणाऱ्या इस्माईलभाईंनी तेवढं विचारलं, “बेटी, माझं मत राहील ना?”

“राहील की! चाचा आहेत ना.”

त्या सह्या मतं म्हणून मोजून रत्नागिरीच्या सभेत ठराव मंजूर झाला. पुढं समजलं, आता मत माणसाला नाही, शेअरला. शेअर बहुतेक दोन व्यापाऱ्यांच्या नावावर, आणि चाचा संचालक. आम्ही सगळे झालो ग्राहक.

त्याच वर्षी इस्माईलभाईंना अर्धांगवायू झाला. मी ऑफिसला फोन केला. पलीकडच्या मुलीनं त्यांचा ग्राहक नंबर आणि वय विचारलं आणि म्हणाली, “साठीच्या वरचे नवीन नियमात बसत नाहीत.”

मी तडक चाचांकडे गेले. ते म्हणाले, “आता माझ्या हातात काही नाही.”

“हा नियम तुम्हाला आधी माहीत होता?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “माहीत होता. पण तुला सांगितलं असतं, तर तू सह्या आणल्या असत्यास?”

इस्माईलभाईंना आम्ही सातआठ जणांनी पैसे काढून गावी पाठवलं. निघण्याआधी मी त्यांना खरं ते सांगितलं, की तो कागद मी वाचलाच नव्हता. त्यांना नीट बोलता येत नव्हतं. चांगल्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं आणि मान फिरवली.

कंपनीच्या मुंबई ऑफिसला जाण्याआधी चाचा निरोप घ्यायला आले. मी दार उघडलं. माझ्या सगळ्यात वाईट दिवसांत बापासारखा उभा राहिलेला माणूस समोर होता. “बसा” एवढाच शब्द म्हणायचा होता. तो माझ्या तोंडून निघाला नाही. ते वळले आणि जिना उतरून गेले.