बाईंची गाडी सुरू होत नाही

गॅरेज विकलं तेव्हा पाने, जॅक, हवेचा पंप, सगळं दोन दिवसांत उचललं गेलं. किस्से तेवढे कोणी नेले नाहीत. ते पडून आहेत, आणि चहाला कोणी आलं की एकेक बाहेर निघतो. त्यातले निम्मे एकाच गाडीचे आहेत.

स्वातंत्र्यानंतरची पहिली चार-पाच वर्षं. ठाण्यात माझं गॅरेज आणि समोर डॉक्टरबाईंचा दवाखाना. बाई बाळंतपणं करायच्या. बाळकुमहून, मिठागरांवरून, कधी पार कल्याणहून त्यांना बोलावणं यायचं, आणि जायला एकच जुनी विलायती गाडी. ती सुरू झाली नाही की तिकडे एखादी बाई अडलेली असायची. म्हणून बाईंची गाडी बंद असं कळलं की मी हातातलं काम टाकून धावायचो.

गाडी सुरू होत नसेल तर आधी स्पार्क बघायचा. प्लगची वायर काढायची, टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरायचं आणि दुसऱ्याला पुढून हँडल मारायला, म्हणजे इंजिन हाताने फिरवायला सांगायचं. निळी ठिणगी पडली तर पेट्रोलकडे बघा. नाही पडली तर कॉईल, पॉइंट, डिस्ट्रिब्यूटर. दहा मिनिटांचं काम! पण या गाडीच्या बाबतीत स्पार्कच्या आधी माणसं तपासावी लागायची, आणि त्यातच माझे केस पांढरे झाले.

*

भिकाजी हा बाईंचा ड्रायव्हर. रत्नागिरीकडचा, प्रामाणिक आणि भलता काटकसरी. बॅटरी जपून वापर, असं मी त्याला एकदा सांगून बसलो.

दुसऱ्याच दिवशी कल्याणहून बोलावणं आलं. बाई बॅग मांडीवर घेऊन गाडीत बसलेल्या, आणि हा घामाघूम होऊन हँडल मारतोय. मी प्लग साफ केले. स्पार्क नाही. पॉइंट घासले. स्पार्क नाही. कॉईल काढायला घेतली तेव्हा सहज डॅशबोर्डकडे लक्ष गेलं. स्विच बंद होता.

"भिकाजी, स्विच?"

"हँडल मारताना बंदच ठेवतो. उगाच बॅटरी कशाला खर्च करायची?"

"अरे, मग ठिणगी कुठून येणार?"

"ती गाडी सुरू झाल्यावर येईलच की."

मी काही बोलणार एवढ्यात बाई मागून शांतपणे म्हणाल्या, "राहू दे, शंकर. माझ्याकडेही अशा बायका येतात. आधी बाळ होऊ दे, मग कळा देईन म्हणतात."

*

दसऱ्याला गाडीची पूजा. झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकापुढे नारळ. सगळं ठाणं तसंच करतं. भिकाजीने बॉनेट उघडलं आणि नारळ थेट इंजिनावर फोडला.

मी म्हटलं, "बाबा रे, हे काय?"

"आज शस्त्रांची पूजा. पत्र्याची नाही."

तासाभरात मिठागरावरून माणूस आला, आणि गाडी नुसती खोकतेय. डिस्ट्रिब्यूटरचं, म्हणजे प्लगना ठिणगी जिथून जाते त्या डबीचं टोपण काढलं तर आत नारळाचं पाणी. वर खाचेत खोबऱ्याचा एक तुकडा अडकलेला. दवाखान्यात सुया उकळायचा स्टोव्ह होता, त्याच्यावर टोपण शेकून कोरडं केलं, भिकाजीला जन्मभर पुरतील एवढ्या शिव्या दिल्या आणि बाईंना वेळेत रवाना केलं.

संध्याकाळी भिकाजी मला प्रसाद द्यायला आला. खोबरं कुठलं, ते मी विचारलं नाही.

*

माई म्हणजे बाईंच्या सासूबाई. दसऱ्याच्या त्या प्रकारानंतर मी भिकाजीला टोपण काढून कोरड्या फडक्याने पुसायला शिकवलं होतं. तो पायरीवर बसून पुसत असताना माईंना आतली पितळी टोकं दिसली. काळी पडलेली.

आमच्या घरात असलं पितळ चालणार नाही, म्हणत त्यांनी टोपण स्वयंपाकघरात नेलं आणि चिंच-राख लावून लख्ख घासून आणलं.

मी पोचलो तेव्हा टोकं चकाकत होती आणि खाचाखाचांतून चिंचेचा कोळ बसला होता. ठिणगी नको तिथे पळत होती. बाई चडफडत टांग्याने गेल्या. मी माईंना हात जोडून म्हटलं, "माई, याला पाण्याचा थेंबसुद्धा लागता कामा नये. मग ठिणगी पडत नाही."

माई म्हणाल्या, "समई मी रोज चिंचेने घासते. ती नाही पेटत होय?"

*

बाईंच्या वरच्या मजल्यावर एक मास्तर राहायचे. जन्म गणित शिकवण्यात गेलेला. रिटायर झाल्यावर चुका दाखवायला वर्ग उरला नव्हता, म्हणून जिन्यात उभे राहून माझं काम बघायचे.

एका सकाळी मी प्लगच्या चारही वायरी नव्या बसवल्या, गाडी सुरू करून दाखवली आणि जेवायला गेलो. परत आलो तर बाळकुमचा माणूस दारात उभा, बाई गाडीत, आणि गाडी फाटफाट फटाके वाजवतेय. स्पार्क बघितला. चारही वायरींना फर्स्टक्लास! पेट्रोल बघितलं. ठीक. वायरी मी स्वतःच्या हाताने लावलेल्या, तेव्हा तिकडे बघायचा प्रश्नच नव्हता. अर्धा तास डोकं खाजवलं. बाळकुमचा माणूस रडकुंडीला आला होता.

मग जिन्यातून आवाज आला, "वायरी मी नीट लावून ठेवल्यात बरं का. तू एकानंतर तीन लावला होतास."

"मास्तर, या इंजिनाचा क्रमच तसा आहे. एक, तीन, चार, दोन."

"कोणत्या शाळेत?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. वायरी पुन्हा लावल्या, हँडल मारलं, गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि बाई निघाल्या. मास्तर धुरळ्याकडे बघत होते.

"उत्तर आलं," ते म्हणाले. "पण रीत चुकली. अर्धे मार्क."

*

मग मात्र मी शहाणा झालो. टोपणाखाली रोटर नावाचा बोटाएवढा तुकडा असतो. तो गरगर फिरतो आणि एकेका प्लगला ठिणगी वाटतो. तो काढून घेतला की कोणी काहीही करो, गाडी जागची हलत नाही. काम अर्धवट टाकून उठायची वेळ आली की मी रोटर काढायचो, रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचो आणि निश्चिंत चहाला जायचो.

असाच एकदा चहा पीत होतो. माझी बायको पहिलटकरीण, बाळकुमला माहेरी गेलेली. तिचा भाऊ सायकल हाणत आला.

"आक्काच्या पोटान दुखतंय सकालपासून. आयेनी बाईंना घेवून बोलावलंय."

मी म्हटलं, "तू बाईंना सांग, त्यांच्याबरोबर गाडीतूनच ये. मी सायकलने पुढे होतो."

बाळकुमला पोचलो. सुईण बाहेर येऊन म्हणाली, मूल आडवं आहे, माझ्याच्याने होणार नाही. गाडी पाव तासात यायला हवी होती. अर्धा तास झाला. तास झाला. आतून बायकोचं ओरडणं ऐकू येत होतं आणि रस्त्यावर धुरळासुद्धा दिसत नव्हता. मी घाबरलो होतो. आयुष्यात तेवढा कधी घाबरलो नाही. अंगणात येरझाऱ्या घालत मी सासऱ्यांच्या देखत भिकाजीचा, मास्तरांचा, अगदी माईंचासुद्धा उद्धार केला. पुन्हा हात लावला असणार गाडीला! आज माझ्या बायकोला काही झालं तर एकेकाला बघून घेईन, म्हटलं.

शेवटी बाई आल्या त्या मिठाच्या बैलगाडीतून, गोण्यांवर बसून. माझ्याकडे न बघता आत गेल्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग बाळाचं रडणं ऐकू आलं.

बाई बाळाला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून बाहेर आल्या. "दोघी सुखरूप आहेत. गाडीने मात्र आज घात केला असता, शंकर. भिकाजीचे हात सोलवटले हँडल मारून. काय बिघडलंय कोणालाच कळेना."

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. पुसायला खिशातून रुमाल ओढला, आणि रोटर सारवलेल्या अंगणात बाईंच्या पायाशी जाऊन पडला.

बाईंनी तो उचलला, उलटा-सुलटा करून बघितला, आपल्या बॅगेत टाकला आणि मुलगी माझ्या हातात दिली.

"घे," त्या म्हणाल्या. "हिला खिशात ठेवू नकोस."