तीन म्हणायच्या आधी

मी चोक बदलायला विसरलो. जानेवारीतला शुक्रवार, सकाळचे आठ, बहारीनमधल्या रिफा गावाबाहेरची एका गृहस्थांची खासगी शूटिंग रेंज. तिथल्या बंदुकांची देखभाल हे माझं काम. त्या कामात विसरू नये अशी एकच गोष्ट असते, ती मी विसरलो.

मी जुना फौजी; फौजेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. छऱ्याच्या बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी एक कडी फिरवून बसवतात, तिला चोक म्हणतात. बागेच्या पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबावं, तसं तिचं काम. तोंड आवळलं की छरे एकत्र राहून लांब जातात, तो फुल चोक. सैल ठेवलं की जवळच फाकतात, तो सिलिंडर. माझे साहेब अबू खालिद दर हिवाळ्यात विलायतेला फेजंट मारायला जातात. फेजंट म्हणजे आपल्या रानकोंबड्याचा लांब शेपटीचा चुलतभाऊ. माणूस जवळ येईस्तोवर झुडपात दबून बसतो आणि मग एकदम पायातून उठतो. तिथं सैल चोक हवा. बहारीनच्या वाळूत फेजंट कुठून आणायचा, म्हणून यंत्रातून मातीच्या तबकड्या उडवून सराव. आदल्या शुक्रवारी लांबच्या तबकड्या होत्या, म्हणून मी फुल चोक बसवला होता. तो तसाच राहिला. पंधरा पावलांवर त्यातून छऱ्यांचा मुठीएवढा झुबका जातो. लागला तर पक्ष्याचं पीठ, नाहीतर हवा.

दहा तबकड्या उडाल्या. दहाही हवा.

"शिंदे, मफी," साहेब म्हणाले. "एक भी नहीं। मैं बुड्ढा हो गया क्या?"

"नहीं सर. गधा मैं हूँ." मी नळीचं तोंड दाखवलं. ते हसले आणि चहा प्यायला गाडीकडे गेले.

मागं खुर्चीत बसलेली प्रज्ञाही हसत होती. प्रज्ञा कांबळे, इथल्या एका दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन; शुक्रवारची सुट्टी म्हणून माझ्याबरोबर आली होती. आठ महिन्यांपूर्वी ती बहारीनला यायची होती तेव्हा तिच्या आईचा फोन आला होता, "भावोजी, लेकीवर लक्ष ठेवा." त्याप्रमाणे मी तिला उम्म अल हस्सम भागात खोली बघून दिली. दर आठवड्याला मासळी पोचवायचो. आणि दर आठवड्याला जी गोष्ट सांगायची होती, ती न सांगता परत यायचो.

"काका, एक विचारू? तबकडी उडाली की तुम्ही एक, दोन, तीन असं काय पुटपुटता?"

"तुझ्या बाबांनी शिकवलंय."

"मग सांगा की."

मी चोक ट्यूब काढत होतो. पेच नीट फिरेना. आज हिला कळलं तर ही परत मला काका म्हणणार नाही, एवढं एकच डोक्यात होतं. तरी सांगितलं. तिला जसं सांगितलं तसंच इथं लिहितो.

नाईक कांबळे आणि मी, लान्स नाईक शिंदे, एकाच सेक्शनचे. डोंगरातल्या पोस्टवर जाण्याआधी दोघांनाही ब्रिगेडच्या शूटिंग टीमच्या निवडीला पाठवलं होतं. कांबळे पंचवीसपैकी तेवीस तबकड्या फोडायचा. मी नऊ. मी घाई करायचो.

"लेका, तू दोनला मारतोस," तो म्हणायचा. "एकला नुसतं बघायचं, पक्षी कुठून उठला ते. दोनला बट खांद्याला. तीनला ट्रिगर. तुला बघायचंच नसतं."

पोस्टभोवती काळे फेजंट पुष्कळ होते. मारायला कायद्यानं बंदी, म्हणून आम्ही खेळ काढला. पक्षी उठला की बोटाची बंदूक करायची, मोजायचं आणि अंतर पाहून चोक सांगायचा. चुकला त्यानं दुसऱ्याची भांडी घासायची. मी सहा महिने कांबळेची भांडी घासली. खेळाला नियम एकच. पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, खेळायचं नाही.

त्या दिवशी पेट्रोल ०५४० ला निघाली. स्काउट मी, म्हणजे सर्वांत पुढं. माझ्यामागं दहा पावलांवर कांबळे. ०६१० ला डावीकडच्या झुडपातून फेजंट उठला. मी त्याच्या जवळसुद्धा नव्हतो. त्याला दुसऱ्याच कुणीतरी उठवलं होतं. मी पायवाटेवर उभा राहिलो, रायफलचं तोंड आभाळाकडे केलं आणि म्हणालो, "एक, दोन, ठो. फुल चोक." म्हणून कांबळेकडे वळून हसलो.

तो झुडपाकडे बघत होता.

"खाली," तो ओरडला. धावत आला, माझ्या पाठीवरच्या पिठ्ठूचा पट्टा धरून मला आडवं पाडलं. गोळ्यांचा एक बर्स्ट आला. मी खाली होतो. तो अजून अर्धा उभा होता.

रेडिओवाल्यानं पोस्टला कळवलं; चार्ली म्हणजे आमची पेट्रोल.

"चार्ली फॉर अल्फा. वन कॅज्युअल्टी, गळ्याला. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"चार्ली, वर ढग आहे. रोडपर्यंत उतरवा. ओव्हर."

आम्ही चौघांनी स्ट्रेचर उचललं. उतार, दव, बूट घसरत होते. त्याचा हात बाहेर लोंबत होता, तो मी दोनदा आत ठेवला. ०७३५ ला मेडिकलवाल्यानं स्ट्रेचर खाली ठेवायला सांगितलं. रोड समोर दिसत होता.

रिपोर्टमध्ये "अचानक गोळीबार" असं लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतं. खोटं मी बोललो. शव घेऊन कांबळेच्या गावी गेलो तेव्हा वहिनींना सांगितलं की कांबळे स्काउट होता, सर्वांत पुढं. आणि शेवटी त्यानं मुलीचं नाव घेतलं. गळ्याला लागलेला माणूस नाव घेत नाही. पण दारात सहा वर्षांची पोर उभी होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

इतकं सांगून झालं तेव्हा चोक ट्यूब माझ्या हातात होती आणि बंदूक तशीच उघडी. साहेबांनी गाडीजवळून हाक मारली, "यल्ला, शिंदे. चलो." मी सिलिंडर बसवला. साहेबांनी दहातल्या आठ फोडल्या आणि मला शाबासकी दिली. तीही मी घेतली.

परत येताना पिकअपमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. बिल्डिंगसमोर गाडी थांबवली. ती उतरली, दार धरून उभी राहिली.

"आई मला रोज झोपवताना सांगायची, बाबांनी शेवटी तुझं नाव घेतलं."

"माहीत आहे."

"तिला मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. आजच." तिनं डोळे पुसले आणि मासळीची पिशवी उचलली. "बाबा घरी आले की म्हणायचे, आमच्या शिंदेला तीनपर्यंत मोजता येत नाही. मला वाटायचं चेष्टा करतात. बावीस वर्षं लागली, काका, तुम्हाला तीन म्हणायला."